पद्मिनीचा पुशरॉड

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. प्रीमियर पद्मिनीबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींचं असतं. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग सीट, काळी-पिवळी टॅक्सी, टपावर बांधलेल्या वळकट्या वगैरे. त्यात वाईट काही नाही. पण गाडीच्या बॉनेटखाली जे होतं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आज त्यातल्या एका अगदी छोट्या पार्टबद्दल लिहितो, पुशरॉडबद्दल. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतंय आयटीवर, त्यामुळे शनिवार-रविवारी असले उद्योग सुचतात :)

प्रश्न साधा आहे. जुनं इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधायचं, आणि बांधताना त्यातून मूळपेक्षा जास्त ताकद काढायची, तर पुशरॉड किती लांबीचा घ्यायचा? वरवर पाहता हा दुकानात विचारायचा प्रश्न वाटतो. "फियाटचे आठ पुशरॉड द्या" म्हटलं की झालं! पण मुंबईत आयुष्य काढलेल्या इंजिनाच्या बाबतीत याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं. ते त्या इंजिनाच्या इतिहासात असतं. कसं ते सांगतो.

आधी थोडं शाळेतलं

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतात. ते ठरलेल्या वेळी उघडायचं काम कॅमशाफ्ट करतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट वर हेडमध्येच असतो. पद्मिनीच्या इंजिनात तो खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी. व्हॉल्व्ह मात्र वर हेडमध्ये. मग खालची हालचाल वर कशी न्यायची? कॅमवर टॅपेट, टॅपेटवर उभा पोलादी दांडा म्हणजे पुशरॉड, त्याच्या डोक्यावर रॉकर. रॉकर म्हणजे लहान मुलांचा सी-सॉच. एका टोकाला पुशरॉडने वर ढकललं की दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला एक स्क्रू आणि लॉकनट असतो. तो फिरवून मधली बारीक फट जुळवायची, म्हणजे आपलं 'टॅपेट सेटिंग'. फिलर गेजची पातळ पट्टी घालून बघायचं, थोडी अडखळत सरकली की झालं.

ही रचना काही मागासलेली नव्हे. १९०४ सालची ब्यूक याच पद्धतीची होती, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बाकीच्या गाड्या व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला ठेवून चालवत होत्या. आपल्या कांदिवलीला बनणाऱ्या महिंद्रच्या जीपमधलं हरिकेन इंजिन तर अर्धं-अर्धं होतं. इनटेक व्हॉल्व्ह वर, पुशरॉडने उघडणारा. एक्झॉस्ट मात्र खाली ब्लॉकमध्ये.

टॅक्सीच्या आधीचं आयुष्य

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी. हे आकडे लक्षात ठेवा, कारण ते १९३७ साली फियाटने आणलेल्या ५०८ सी गाडीपासूनचे आहेत. तिच्यामागचा इंजिनियर दांते जकोझा. १९५३ साली आलेल्या फियाट ११००/१०३ मध्ये हेच घराणं पुढे चाललं.

आता गंमत बघा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत पैसा नव्हता, शर्यतींची हौस मात्र होती. पिएरो दुसियो नावाच्या उद्योजकाने १९४६ साली चिसिटालिया डी-४६ ही एकट्याने बसायची छोटी शर्यतीची गाडी काढली. आराखडा जकोझाचाच, आणि इंजिन, सस्पेन्शन बरंचसं फियाट ११०० चं. साध्या घरगुती गाडीच्या या इंजिनातून त्यांनी साठीच्या घरात अश्वशक्ती काढली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत, तात्सिओ नुवोलारी हा वय झालेला, आजारी ड्रायव्हर ११०० च्याच इंजिनाची उघडी चिसिटालिया घेऊन उतरला आणि जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओच्या पाठोपाठ दुसरा आला. बराच काळ तर तो पुढे होता. मग धो धो पाऊस लागला, गाडी पाण्यात शिरली आणि इंजिन बंद पडलं. मिलन सबवेत बंद पडलेली पद्मिनी ज्यांनी ढकलली आहे त्यांना हे घराणं ओळखू येईल...

पुढे १९५८ साली जिओव्हानी लुरानी यांच्या पुढाकाराने 'फॉर्म्युला ज्युनियर' सुरू झाली. नवोदितांना परवडेल अशी शर्यत. इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीचंच हवं, जास्तीत जास्त ११०० सीसी, गाडीचं वजन किमान ४०० किलो, आणि कॅमशाफ्ट हेडवर चढवायला बंदी. म्हणजे पुशरॉड ठेवूनच काय ते करा. मोडेनाच्या स्टँगेलिनी कारखान्याने फियाट ११०० चं इंजिन घेतलं आणि पहिली दोन वर्षं गाजवली. १९५९ ची मोनॅकोची ज्युनियर शर्यत मायकेल मे या ड्रायव्हरने स्टँगेलिनीतच जिंकली. मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकद आणि सात हजारांच्या आसपास आरपीएम. हेच ते इंजिन, जे पुढे दादर स्टेशनबाहेर उभं राहून "भाडं नाही" म्हणणार होतं!

१९६० मध्ये इंग्रज आले आणि स्टँगेलिनीचे दिवस संपले. पण त्यांची फोर्ड आणि बीएमसीची इंजिनंही पुशरॉडचीच होती. मग फरक कुठे पडला? फोर्ड अँग्लियाच्या नव्या इंजिनाचा स्ट्रोक फक्त ४८.४ मि.मी. होता. सात हजार आरपीएमला फियाटचा पिस्टन सरासरी १७.५ मीटर प्रति सेकंद धावतो, फोर्डचा ११.३. म्हणजे हरला तो १९३७ सालचा ७५ मि.मी. स्ट्रोक. पुशरॉडने आपलं काम चोख केलं होतं.

कुर्ल्याचा मुक्काम

इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही देशात बनवायचा ध्यास घेतला होता. मोटारीसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवात क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून, १९४७ मध्ये. नंतर फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून ११०० येऊ लागली. वालचंद स्वतः त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. १९६४ मध्ये '११०० डिलाइट', १९७२ मध्ये 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नाव बदलत गेलं, गाडी तीच राहिली. इटलीत या ११००-डी मॉडेलला १२२१ सीसीचं मोठं इंजिन मिळालं होतं. कुर्ल्यात मात्र १०८९ च चालू राहिलं, ते थेट २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत.

लायसन्स-परमिटच्या काळात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्यामुळे आहे ती गाडी टिकवणं हाच मार्ग. यातूनच कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, अंधेरी, सगळीकडे फियाटची गॅरेजेस उभी राहिली. लेथवाले, बोअरिंगवाले, हेड फेसिंगवाले, व्हॉल्व्ह ग्राइंडिंगवाले. माझ्या मते पद्मिनीची खरी माहिती याच लोकांकडे जमा झाली. कंपनीने गाडी एकदाच बनवली, यांनी ती वीस-वीस वर्षं पुन्हा पुन्हा बनवली. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर फियाट ११०० शर्यतीतही पळायच्या, त्यामुळे ताकद वाढवण्याचं ज्ञानही देशात होतंच. पण मुंबईच्या गॅरेजेसचं मुख्य ज्ञान टिकवण्याचं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचा कॅमशाफ्ट हेडवर, पट्ट्याने फिरणारा. पुशरॉड नाहीच. तिथून पुढे या विद्येला उतरती कळा लागली असं म्हणायला हरकत नाही.

इंजिनावर साचलेला इतिहास

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन गरम झालं की हेड वाकतं. वाकलं की गॅस्केट फुंकतं. मग हेड उतरवून मशीनवर फेस करायचं, म्हणजे खालची बाजू खरवडून सपाट करायची. दर वेळी थोडी उंची कमी. टॅक्सीच्या आयुष्यात हे दोन-तीनदा होणं काही विशेष नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेच्या दृष्टीने उत्तमच. त्याच सुमारास हायकोर्टाच्या आदेशांमुळे मुंबईच्या जुन्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या. सीएनजी हे कोरडं इंधन. शिसं नाही, ओलावा नाही, म्हणून सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर सरकत जातो. त्याचं रॉकरकडचं टोक तेवढंच उंच येतं.

याशिवाय ब्लॉकची वरची बाजू घासली जाते. कॅमशाफ्ट झिजला की तो पुन्हा ग्राइंड करतात, त्यात त्याचा मूळ गोल लहान होतो आणि टॅपेट खाली बसतो. गॅस्केट मिळेल त्या जाडीचं लागतं. या प्रत्येक गोष्टीचा परिणाम एकाच जागी जमा होतो: कॅम आणि रॉकर यांच्यामधलं अंतर. आणि ते अंतर भरून काढणारा एकटा पुशरॉड.

आपल्या भाषेत सांगायचं तर पुशरॉडची कंपनीने दिलेली लांबी ही हार्डकोडेड व्हॅल्यू आहे. बाकी सगळे पॅरामीटर बदलत गेले, ही तशीच राहिली.

एक जमाखर्च मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. रॉकरचं गुणोत्तर १.५ धरू, म्हणजे पुशरॉडची बाजू १ मि.मी. हलली की व्हॉल्व्हची १.५ हलते.

हेड तीनदा फेस झालं, एकूण ०.९ मि.मी. रॉड तेवढा लांब ठरला.
ब्लॉक ०.१ घासला. आणखी ०.१ लांब.
सीट झिजून व्हॉल्व्हचं टोक ०.६ वर आलं. १.५ ने भागून पुशरॉडच्या बाजूला ०.४. तेवढा लांब.
कॅम ग्राइंड झाला, मूळ गोलाची त्रिज्या ०.४ ने घटली. रॉड ०.४ आखूड ठरला.
नवीन गॅस्केट ०.२ ने जाड. ०.२ आखूड.

बेरीज: ०.९ + ०.१ + ०.४ − ०.४ − ०.२ = ०.८ मि.मी. जादा लांब. एवढं रॉकरचा स्क्रू वर घेऊन भागून जातं. टॅक्सी चालू होते, भाडी मारते, कोणाला काही कळत नाही.

आता यात ताकद वाढवायची म्हटल्यावर काय होतं? प्रत्येक सिलिंडरचं आकारमान साधारण २७२ सीसी. कॉम्प्रेशन ७.३ धरलं तर पिस्टन वर असताना उरलेली जागा २७२ भागिले ६.३, म्हणजे ४३ सीसी. ते ८.५ करायचं तर जागा हवी २७२ भागिले ७.५, म्हणजे ३६ सीसी. सात सीसी कमी करायचे. सिलिंडरच्या पूर्ण तोंडाचं क्षेत्रफळ ३६.३ चौरस सेंटिमीटर धरलं तरी हेड १.९ मि.मी. खरवडावं लागतं. कंबशन चेंबर तोंडापेक्षा लहान असतं, म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. हिशेबाला २ मि.मी. धरू. आपले आधीचे ०.८ धरून रॉड २.८ मि.मी. लांब झाला. आता स्क्रूचं काम नाही. तो पूर्ण वर घेतला तरी फट मिळत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गळतो, आणि गळणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत जळतो.

मग २.८ मि.मी. आखूड रॉड करून घ्यायचे का? इथेच खरी मेख आहे.

दोन आजार, एक लक्षण

माझ्या एका मित्राकडे घाटकोपरला वडिलांची १९८६ ची पद्मिनी आहे. ती पुन्हा बांधायची, आणि बांधायचीच तर जरा जोरदार बांधायची असं त्याने ठरवलं. कुर्ला-विद्याविहारच्या मधल्या पट्ट्यात एक गॅरेज आहे, तिथले काका चाळीस वर्षं फियाट उघडतायत. मी मापं घेण्यासाठी व्हर्नियर घेऊन गेलो होतो. काकांनी व्हर्नियरकडे पाहिलंही नाही. त्यांचा पहिला प्रश्न :

"हेड किती वेळा फेस केलंय?"

मित्र म्हणाला, "बाबांना विचारावं लागेल."

"मग विचार ना. आणि गॅसवर किती वर्षं चालवली तेही विचार. त्याशिवाय रॉडला हात लावायचा नाही."

त्यांनी पुढे जे दाखवलं ते मी नंतर घरी कागदावर सोडवून पाहिलं आणि तंतोतंत जुळलं. थोडक्यात काय, तर फट नाहीशी होण्याची दोन कारणं असू शकतात आणि फिलर गेजला ती दोन्ही सारखीच दिसतात.

पहिलं कारण, हेड फेस केलं. यात हेडबरोबर रॉकरशाफ्ट आणि व्हॉल्व्ह दोघंही एकत्र खाली आले. त्यांच्या एकमेकांतल्या नात्यात काहीच बदल नाही. रॉकर व्हॉल्व्हला पूर्वीच्याच कोनात भेटतो. लांब झाला आहे तो फक्त रॉड. उपाय: रॉड आखूड करणे.

दुसरं कारण, सीट झिजली. यात रॉकरशाफ्ट जागेवर आहे, पण व्हॉल्व्हचं टोक वर आलं. म्हणजे रॉकरचा कोनच बदलला. इथे रॉड आखूड केला तर फट मिळेल, कोन चुकलेलाच राहील. रॉकरचं नाक व्हॉल्व्हच्या टोकावर मधोमध न घासता एका कडेकडे घासेल, व्हॉल्व्हला बाजूला ढकलेल आणि गाइड खाईल. याचा उपाय म्हणजे रॉकर स्टँडखाली योग्य जाडीची पट्टी घालून शाफ्ट तेवढाच वर उचलणे.

आपल्या उदाहरणात ०.६ ची पट्टी घातली की कोन मूळचा झाला, म्हणजे सीटचे ०.४ हिशेबातून गेले. शाफ्ट ०.६ वर गेला, म्हणजे रॉड तेवढा आखूड ठरला. २.८ − ०.४ − ०.६ = १.८. एकाच इंजिनाला दोन उत्तरं मिळाली, २.८ आणि १.८. फट दोन्हींनी बरोबर येते. पण २.८ वालं इंजिन गाइड खात राहणार आणि १.८ वालं टिकणार.

यात उलटी चूकही जुनीच आहे. हेड फेस झालंय म्हणून रॉड कमी करण्याऐवजी स्टँडखाली वॉशर टाकून मोकळं व्हायचं. फट येते, कोन बिघडतो. टॅक्सीच्या आरपीएमला हे वर्षानुवर्षं खपून जातं, म्हणून ते चूक आहे हे लक्षातही येत नाही.

(अमेरिकन व्ही-८ इंजिनांवरचं वाचून इथे काम करू नका. त्यातल्या बऱ्याच इंजिनांत प्रत्येक रॉकर वेगळ्या बोल्टवर वर-खाली सरकतो, त्यामुळे रॉडची लांबी बदलली की रॉकरचा कोनही बदलतो. फियाटमध्ये रॉकर एका शाफ्टवर पक्के असतात. म्हणून आधी शाफ्टची उंची, नंतर रॉडची लांबी, हाच क्रम. बुलेटवाल्यांचं तर तिसरंच. जुन्या बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटमध्ये फट जुळवायचा स्क्रू पुशरॉडच्याच खालच्या टोकाला असतो, आणि थंड इंजिनवर रॉड दोन बोटांनी मोकळा फिरला की सेटिंग बरोबर.)

मग लांबी ठरवायची कशी?

पद्धत सोपी आहे, फक्त क्रम मोडायचा नाही.

१. आधी मशीनचं सगळं काम संपवा. हेड फेसिंग, सीट कटिंग, व्हॉल्व्ह, कॅम, सगळं. जे गॅस्केट कायमचं बसणार आहे त्याच जाडीचं गॅस्केट घालून हेड पूर्ण टाइट करा.

२. मूळ स्प्रिंगच्या जागी तात्पुरती हलकी स्प्रिंग लावा. खऱ्या स्प्रिंगच्या दाबाखाली मापाचा रॉड दबतो आणि आकडा फसवा येतो.

३. व्हॉल्व्हच्या टोकाला शाई लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. रॉकर जिथे घासला तिथली शाई पुसली जाईल. पट्टा मधोमध आणि अरुंद हवा. व्हॉल्व्ह अर्धा उघडलेला असताना रॉकर त्याच्याशी काटकोनात यायला हवा. येत नसेल तर स्टँडखालच्या पट्ट्या बदला. जास्त लिफ्टचा कॅम घातला असेल तर हा अर्ध्याचा बिंदू खाली सरकतो, आणि शाफ्टही तेवढा कमी उचलावा लागतो. म्हणून कॅम ठरल्याशिवाय पट्टी ठरवता येत नाही.

४. आता रॉकरचा स्क्रू त्याच्या पल्ल्याच्या मध्यावर ठेवा. एक जुना रॉड मधून कापून त्यात आटे पाडून लहान-मोठा होणारा रॉड लेथवाल्याकडून करून घ्या. तो वाढवत न्या, फट पुस्तकातल्या आकड्याएवढी झाली की थांबा. रॉड बाहेर काढून मोजा. ही तुमची लांबी.

५. सगळी मापं थंड इंजिनवर. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, रॉड पोलादाचा. गरम झाल्यावर तिघंही वेगवेगळे वाढतात.

६. चारही सिलिंडरला, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना मोजा. सीट प्रत्येक व्हॉल्व्हची सारखी झिजलेली नसते. फरक स्क्रूच्या पल्ल्यात बसत असेल तर आठही रॉड एकाच मापाचे करा.

स्क्रू मध्यावर का? रॉड आखूड असेल तर स्क्रू खूप खाली लोंबतो आणि वाकायला बघतो. रॉड लांब असेल तर स्क्रू रॉकरमध्ये घुसून बसतो आणि पुढच्या सेटिंगला जागाच उरत नाही. ४८०० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ४० वेळा उघडतो, ७००० ला ५८ वेळा. टॅक्सीत जे खपतं ते तिथे खपत नाही. जोरदार स्प्रिंग, जास्त लिफ्ट आणि वाकडा दाब एकत्र आले की बारीक पुशरॉड धनुष्यासारखा वाकतो आणि व्हॉल्व्ह कॅमच्या आज्ञेबाहेर जातो. आखूड रॉडचा इथे एक आयता फायदा: तो हलका आणि थोडा जास्त ताठ असतो.

मित्राच्या वडिलांना सगळं आठवत होतं, हे त्याचं नशीब. हेड दोनदा फेस झालेलं, एकदा १९९४ च्या मे महिन्यात आणि एकदा नंतर. गॅसवर गाडी कधी चालवलीच नव्हती. त्यामुळे सीटची भानगड फारशी नव्हती, पट्टी पातळच लागली आणि रॉड आखूड झाले. पण ही माहिती कुठेही लिहिलेली नव्हती. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, मालकांची नावं असतात. हेड किती वेळा आणि किती खरवडलं हे कोणत्याच कागदावर नसतं.

आणि हाच आता खरा प्रश्न आहे. २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि ती रस्त्यावरून गेली. त्यावर बातम्या आल्या, फोटो आले, हळहळ झाली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत. हौसेने ठेवलेल्या पद्मिन्या मात्र अजून बऱ्याच आहेत आणि त्या बांधून घेणारे माझ्या वयाचे लोकही वाढतायत. पेंट चकचकीत होतो, सीटकव्हर मूळ रंगाचं शोधलं जातं. पण "हेड किती वेळा फेस केलंय?" हा प्रश्न विचारणारी माणसं साठी-सत्तरीत पोचली आहेत. त्यांच्या दुकानात शिकायला आलेली पोरं स्कॅनर लावून कोड वाचायला शिकली. त्यात त्यांची चूक नाही, पोट त्यावर आहे. काकांच्या हाताखाली आज एकच मुलगा आहे, आणि त्याचं बहुतेक काम सर्व्हिसिंगचं.

म्हणून जुनी गाडी ठेवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. एक साधी वही करा. हेड फेस केलं तर आधीची आणि नंतरची जाडी, गॅस्केटची जाडी, कॅम कधी ग्राइंड केला, सीट किती कापली, स्टँडखाली किती पट्टी, रॉडची लांबी किती, तारखेसकट लिहून ठेवा. गाडी विकली तर वही गाडीबरोबर द्या. पाच मिनिटांचं काम आहे. आणि तुमची गाडी ज्यांनी पूर्वी उघडली ते मेकॅनिक अजून असतील, तर येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन आधीचं सगळं विचारून घ्या. पुढच्या वेळी इंजिन उघडेल तेव्हा ते सांगायला तिथे असतीलच असं नाही.

असो. मित्राच्या गाडीचे रॉड लेथवाल्याकडून परवा येतायत. बांधून झाली की ब्रेकबद्दल लिहीन, कारण इंजिनाचा जोर वाढला तरी ड्रम अजून १९८६ चेच आहेत.